ई-मेलची फुगलेली फाइल

रोहिणखेड हें गांव बुलढाणा जिल्ह्यांतील मोताळा तालुक्यांत, अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या पायथ्याशीं आहे. इतिहासाची आवड असणारांस तें १४३७ सालच्या लढाईमुळें ठाऊक असेल. बहामनी सेनापति खलफ हसन यानें खानदेशच्या नासीरखानाचा येथेंच पराभव केला. आज मात्र आम्ही या गांवाचें नांव घेत आहों तें लढाईसाठीं नव्हे. तेथील एका वाचकभगिनींचें पत्र आमच्याकडे आलें आहे, आणि त्यांतील अडचण इतकी घरगुती, व अलीकडे इतक्या घरांतून आढळणारी आहे कीं, या महिन्याचें सदर सर्वस्वीं तिलाच द्यावें असें आम्हीं ठरविलें.

त्यांच्या पत्राचा सारांश असा. यजमानांच्या पश्चात् त्यांचा संगणक आतां या बाईच वापरतात. थोरली लेक अमेरिकेंत असते. गेलीं वीस वर्षें तिचें पत्र दर आठवड्यास ई-मेलनें येतें, आणि तीं सारीं पत्रें आऊटलुक नांवाच्या प्रोग्रॅममध्यें सांठविलेलीं आहेत. त्या प्रोग्रॅमची फाइल फुगत फुगत १९ जी.बी. झाली. ती उघडेपर्यंत चहा होऊन निवतो, आणि डिस्क भरल्याची सूचना रोज सकाळीं समोर येते. पुण्याच्या भाच्यानें फोनवर सांगितलें, "मामी, जुनीं पत्रें डिलीट करून टाका." त्यांनीं जड मनानें पहिल्या तीन वर्षांचीं पत्रें डिलीट केलीं. दुसऱ्या दिवशीं पाहतात तों फाइल १९ ची १९ च! त्या विचारतात, "पत्रेंहि गेलीं आणि जागाहि मिळाली नाहीं, आतां आणखी किती वर्षें पुसूं?"

उत्तर आधीं देतों, कारणें मागून. एकहि वर्ष पुसूं नये. उलट पुसलेलीं तीन वर्षें आजच परत आणावींत. बहुतकरून तीं अद्याप गेलेलीं नाहींत. आऊटलुकमध्यें 'डिलीट' म्हटलें म्हणजे पत्र फाडलें जात नाहीं. तें 'डिलीटेड आयटम्स' या कप्प्यांत जाऊन पडतें. घरांतला नकोसा कागद केराच्या टोपलींत टाकला तरी टोपली बाहेर रिकामी होईपर्यंत तो घरांतच असतो, तसाच हा प्रकार. डाव्या हातच्या यादींतून हा कप्पा उघडावा, लेकीचीं सर्व पत्रें निवडावींत, आणि माउसची उजवी कळ दाबली असतां जी यादी निघते तींतील 'मूव्ह' घेऊन तीं पूर्वीच्या जागीं न्यावींत. हें होईपर्यंत 'एम्प्टी फोल्डर' आणि 'कॉम्पॅक्ट' या दोहोंसहि हात लावूं नये.

कांहीं संगणकांवर, प्रोग्रॅम बंद करतांच ही टोपली आपोआप रिकामी व्हावी अशी तजवीज कोणीतरी पूर्वीं करून ठेवलेली असते. तसें निघालें व कप्पा रिकामा दिसला, तर संगणक तसाच बंद करून जाणत्या माणसास बोलवावें. नवें टपाल उतरवूं नये. मोकळ्या झालेल्या जागेवर नवें पत्र लिहिलें जाईपर्यंत जुन्याचा मजकूर फाइलींत राहण्याचा संभव असतो. एकदां त्यावर दुसरें लिहिलें गेलें कीं तो संभवहि संपला.

आतां कारण. आऊटलुकची ही फाइल, जिच्या नांवाच्या शेवटीं 'पीएसटी' हीं तीन अक्षरें असतात, म्हणजे एकच एक जाड वही आहे. आलेलें पत्र, पाठविलेलें पत्र, पत्ते, त्यांसोबतचीं चित्रें, सारें त्याच वहींत एकामागून एक लिहिलें जातें. पत्र टोपलींतूनहि काढून टाकलें म्हणजे त्याचें पान कोरें होतें. परंतु वहीचीं पानें तेवढींच राहतात. पुढें येणारें टपाल त्या कोऱ्या पानांवर लिहिलें जाईल, म्हणून वही कांहीं दिवस अधिक फुगणार नाहीं इतकेंच. ती आपणहून बारीक मात्र होत नाहीं. भरलेलीं पानें एकापाठोपाठ एक लावून शेवटीं उरलेलीं कोरीं पानें कापून काढणें, या निराळ्या क्रियेचें नांव 'कॉम्पॅक्ट'. आऊटलुक हें काम यंत्र रिकामें असतां थोडेंथोडें स्वतः करीत असतो. पण काम होतांच संगणक बंद करण्याची ज्या घरीं शिस्त आहे, त्या घरीं त्याला तेवढी सवड मिळत नाहीं. काटकसरी घरांतल्या फाइली अधिक फुगतात त्या यामुळें.

बुलढाण्याकडच्या वाचकांस ही गोष्ट कापसाच्या उदाहरणानें चटकन् पटेल. ज्या कापसासाठीं १८७० सालींच जलंबहून खामगांवापर्यंत आगगाडीचा फांटा आणावा लागला, त्याच्या गांठी बांधतांना प्रेसमध्यें कापूस दाबतात. तेव्हां रुईचा एक तंतूहि कमी होत नाहीं, मधली हवा तेवढी निघून जाते. १७० किलोची गांठ दाबण्यापूर्वींहि १७० किलोचीच होती. 'कॉम्पॅक्ट'चें कार्य असें गांठ दाबण्यासारखें आहे. तें पोकळी काढतें, वजन काढीत नाहीं. वजन काढावयाचें तर त्याआधीं जिनिंग झालें पाहिजे. शंभर किलो कापूस जिनांत घातला तर रुई निघते सुमारें तेहतीस-चौतीस किलो. बाकी बहुतेक सरकी. ई-मेलच्या फाइलींतली सरकी कोणती, हें न पाहतांच आपल्याकडे रुई फेंकली जाते.

हिशेबच करूं या. मराठी पत्र तीनशें शब्दांचें धरलें तर त्याचीं अक्षरें व चिन्हें मिळून दोन हजारांच्या आसपास होतात. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास तीन बाइट लागतात, म्हणजे सहा हजार बाइट. त्यावर पत्ते, वाटेंतल्या टपालयंत्रांचे शेरे, अक्षरांच्या सजावटीचा पसारा हें सर्व सढळ हातानें धरून एका पत्रास पंचवीस किलोबाइट देऊं. आठवड्यास एक या हिशेबानें वीस वर्षांचीं पत्रें झालीं एक हजार चाळीस, आणि त्यांचें एकूण वजन सव्वीस मेगाबाइट. आजकालच्या मोबाइलनें काढलेलें एक छायाचित्र सहज चार मेगाबाइटांचें असतें. लेकीनें वीस वर्षें आईस जें लिहिलें, तें सर्व सहा-सात छायाचित्रांच्या जागेंत मावतें! एकोणीस जी.बी. च्या फाइलींत या शब्दांचा वांटा हजारीं दीडसुद्धां नाहीं. आणि रोहिणखेडच्या बाईंनीं डोळ्यांत पाणी आणून पुसलीं त्या तीन वर्षांतील शब्दांचें वजन भरतें एका छायाचित्राएवढें.

मग एकोणीस जी.बी. कोणी खाल्ले? कोणाच्या तरी मुंजीचीं सत्तर छायाचित्रें, एकाच लग्नाचे निरनिराळ्या चार नातलगांनीं धाडलेले चलच्चित्राचे तुकडे, स्कॅन केलेल्या पत्रिका व दाखले, फुलांच्या चित्रांवरील 'सुप्रभात', आणि आपण स्वतः पुढें धाडलेलें तेंच तें. पाठविलेल्या टपालाची प्रत 'सेंट आयटम्स' मध्यें सोबतच्या चित्रांसकट राहते, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानांतच येत नाहीं. एक चित्र आलें, तें तीन भावंडांस तीन वेळां धाडलें, म्हणजे आपल्या वहींत तें चार ठिकाणीं जागा अडवून बसलें. ज्या घरांत जुनें वर्तमानपत्रहि घडी करून ठेवतात त्या घरांतली ही उधळपट्टी कोणास दिसत नाहीं, कारण तिचा ढीग डोळ्यांसमोर पडत नाहीं.

भाच्याच्या सल्ल्यांतला दोष हा कीं, त्यानें जुनेपणास वजन मानलें. ही समजूत केवळ त्या तरुणाची आहे असें नाहीं. आपल्याकडील जुनीं घराण्यांचीं दप्तरें अशींच गेलीं. कांहीं वाळवीनें खाल्लीं, कांहीं रद्दींत विकलीं गेलीं, कांहीं पाणी तापवण्याच्या बंबांत गेलीं. इतिहासाचार्य राजवाडे यांनीं गांवोगांव हिंडून जे कागद वांचविले, त्यांतून 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' या ग्रंथमालेचा पहिला खंड १८९८ सालीं निघाला, व पुढें एकूण बावीस खंड झाले. पुण्याच्या पेशवे दप्तरांतल्या रुमालांमधून निवड करून रियासतकार सरदेसाई यांनीं १९३० पासून पंचेचाळीस भाग छापले. त्या कागदांत राजकारणाचीं पत्रें आहेत तसेच घरखर्चाचे ताळेबंद आणि दुखण्याखुपण्याच्या बातम्याहि आहेत, आणि लिहिणारानें मागें राहण्यासाठीं म्हणून लिहिलेलें त्यांत थोडेंच. लेकीनें परदेशीं पहिल्या हिवाळ्यांत पोळ्या कशा जमल्या नाहींत हें लिहिलें असेल. त्या पत्राची दुसरी प्रत जगांत कोठेंहि नसण्याचाच संभव फार.

तेव्हां कामास लागावयाचें तें या क्रमानें. पहिली गोष्ट प्रत. आऊटलुक पूर्ण बंद करून ती फाइल बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्यावी. बहुतेक यंत्रांत ती 'डॉक्युमेंट्स' मधल्या 'आऊटलुक फाइल्स' या फोल्डरांत सांपडते; तेथें नसल्यास आऊटलुकच्या 'डेटा फाइल्स' या पानावर तिचा ठावठिकाणा लिहिलेला असतो. येथें एक अडथळा नेहमीं येतो. साध्या पेन ड्राइव्हची आंखणी पुष्कळदां 'फॅट-३२' पद्धतीची असते, आणि त्या पद्धतींत चार जी.बी. हून मोठी एक फाइल मावतच नाहीं. ड्राइव्ह चौसष्ट जी.बी. चा रिकामा असला तरी संगणक नकार देतो. अशा वेळीं ड्राइव्ह बिघडला असें समजून बाजारांत धांवूं नये. तो 'एक्स-फॅट' किंवा 'एन-टी-एफ-एस' पद्धतीनें आंखून घ्यावा. मात्र आंखतांना त्यावरचें सर्व पुसलें जातें हें लक्षांत असावें. प्रत झाल्यावर ती आऊटलुकमध्यें उघडून चारदोन पत्रें वाचून पाहावींत, आणि डिस्क कपाटांत ठेवून द्यावी. न उघडलेल्या प्रतीवर भरंवसा ठेवणें म्हणजे न मोजलेल्या पैशांवर संसार करण्यापैकींच आहे.

दुसरी गोष्ट सोबतचें ओझें उतरविण्याची. प्रत्येक कप्प्यांतलें टपाल आकारमानाप्रमाणें, म्हणजे 'साइज'प्रमाणें, लावतां येतें. तसें लावलें कीं सर्वांत जड पत्रें वर येतात. पहिल्या शंभरांतच बहुधा निम्में काम होतें. जें चित्र हवें असेल तें बाहेर एका फोल्डरांत सांठवावें. फोल्डरास '२००८ मुंज' असें सरळ नांव द्यावें. मग पत्र उघडून जोडचित्रावर उजवी कळ दाबावी, 'रिमूव्ह अटॅचमेंट' म्हणावें आणि पत्र पुनः सेव्ह करावें. चित्र गेलें तरी पत्राचा मजकूर राहतो. जें टपाल मुळांतच 'सुप्रभात' आहे तें सबंध डिलीट करण्यास हरकत नाहीं. त्यास राजवाडेहि हळहळले नसते. 'सेंट आयटम्स' विसरूं नये. हें काम एका बैठकींत उरकण्याचा हट्ट धरूं नये. रोज दुपारीं अर्धा तास दिला तरी महिन्यांत होईल, आणि त्या निमित्तानें जुनीं पत्रें वाचलीं जातील तो लाभ वेगळा.

त्यानंतर 'डिलीटेड आयटम्स' एकदां नीट पाहून मगच रिकामें करावें, आणि सर्वांत शेवटीं 'कॉम्पॅक्ट'. त्याची वाट अशी: 'फाइल', त्यांत 'अकाउंट सेटिंग्ज', त्यांत 'डेटा फाइल्स', तेथें आपली फाइल निवडून 'सेटिंग्ज', आणि तेथें 'कॉम्पॅक्ट नाऊ'. ही वाट जुन्या, म्हणजे आतां 'क्लासिक' म्हणवल्या जाणाऱ्या, आऊटलुकची आहे. एकोणीस जी.बी. च्या फाइलीस जुन्या यंत्रावर कांहीं तास लागूं शकतात. पट्टी जागची हलत नाहीं म्हणून मध्येंच बंद करूं नये. खेड्यांत वीज केव्हां जाईल याचा नेम नाहीं, आणि पानें इकडून तिकडे हलविलीं जात असतां वीज गेली तर वहीचीं शिवणच उसवण्याचें भय असतें. म्हणून टेबलावरचा संगणक असेल तर यू.पी.एस. असल्यावांचून, व लॅपटॉप असेल तर बॅटरी पूर्ण भरून तार लावल्यावांचून, हें काम हातीं धरूं नये. फाइल उसवलीच तर ती दुरुस्त करणारें 'स्कॅन-पीएसटी' हें उपकरण आऊटलुकबरोबरच येतें. परंतु कपाटांतली प्रत त्याहून शतपटीनें बरी.

थंडरबर्ड हा दुसरा प्रोग्रॅम वापरणारांचीहि अशीच तक्रार असते. तेथें प्रत्येक कप्प्याची वेगळी वही असते, आणि पुसलेल्या पत्रावर केवळ 'रद्द' अशी खूण होते. कप्प्यावर उजवी कळ दाबून 'कॉम्पॅक्ट' म्हटल्यावर नवी वही लिहिली जाते व जुनी टाकली जाते. नव्या वहीपुरती जागा डिस्कवर मोकळी असावी लागते, म्हणून डिस्क ओतप्रोत भरेपर्यंत थांबणारा मनुष्य फसतो. आणखी एक भेद असा. ई-मेलची मूळ रचना साध्या रोमन अक्षरांसाठीं होती. १९९२ सालीं चित्रें व इतर लिप्या पाठविण्याची जी रीत ठरली, तींत चित्राच्या प्रत्येक तीन बाइटांचीं चार अक्षरें करून धाडतात. आऊटलुक हीं अक्षरें उलगडून पुनः चित्र करून ठेवतो. थंडरबर्ड तीं आलीं तशींच ठेवतो. त्यामुळें चार मेगाबाइटांचें छायाचित्र थंडरबर्डमध्यें साडेपांचांच्या घरांत जातें. तेथें चित्र बाहेर सांठवून पत्रांतून सोडविण्याची सोय 'डिटॅच' या एकाच आज्ञेंत आहे, हें मात्र सोयीचें खरें.

ज्यांच्या घरीं याहूनहि जुनी फाइल पडून आहे त्यांनीं अधिक जपावें. आऊटलुकच्या २००२ पर्यंतच्या आवृत्त्यांची फाइल दोन जी.बी. पुढें जाऊं शकत नसे, आणि ती मर्यादा ओलांडली तर उघडेनाशी होई. त्यावर मायक्रोसॉफ्टनेंच जें उपकरण काढलें तें फाइलीचा कांहीं भाग चक्क कापून टाकी, आणि कापलेल्या भागांत कोणाचीं पत्रें गेलीं याची दाद लागत नसे. २००३ च्या आवृत्तीनें रचना बदलून ठराविक मर्यादा वीस जी.बी. केली, व २०१० च्या आवृत्तीनें पन्नास. जुन्या रचनेची फाइल आपोआप नवी होत नाहीं. नवी फाइल उघडून तींत पत्रें हलवावीं लागतात. असें हलविणें हाहि आकार कमी करण्याचा एक उत्तम मार्ग आहे, कारण नव्या वहींत कोरीं पानें जातच नाहींत.

एक इशारा मात्र देणें अवश्य आहे. कांहीं घरांत टपाल 'पॉप' रीतीनें उतरतें, म्हणजे तें घरच्या यंत्रांत आल्यावर बहुधा टपालकंपनीकडे त्याची प्रत उरत नाहीं. कांहीं घरांत 'आय-मॅप' रीत असते. तेथें मूळ कंपनीकडे व घरीं त्याची नक्कल असते, आणि घरीं पुसलें तें तिकडेहि पुसलें जातें. पहिल्या रीतींत घरची फाइल हरवली तर सर्व हरवलें. दुसऱ्या रीतींत, घरीं थोडी जागा करावी म्हणून पत्र पुसणारा मनुष्य मूळ कागदच फाडीत असतो. आपल्या घरीं कोणती रीत आहे हें 'अकाउंट सेटिंग्ज' मध्यें लिहिलेलें असतें. तें वाचल्याशिवाय एकहि पत्र पुसूं नये.

पत्राच्या शेवटीं बाईंनीं भीत भीत विचारलें आहे कीं, लेकीचीं पत्रें कागदावर छापून ठेवलीं तर तें वेडेपणाचें होईल काय? मुळींच नाहीं. एक हजार चाळीस पत्रें, प्रत्येकीं दोन पृष्ठें धरलीं व कागदाच्या दोन्ही बाजूंस छापलीं, तर एक हजार चाळीस कागद, म्हणजे दोन रिमांहून किंचित् अधिक. छपाई लेझर यंत्रावर करावी. इंकजेटची पुष्कळशी शाई ओल लागली कीं फुटते. प्रत्येक वर्षाचा गठ्ठा वेगळा करून त्यावर साल लिहावें, दोरा फार आवळूं नये, आणि गठ्ठे कोठीच्या खोलींत न ठेवतां भिंतीपासून हातभर दूर, वरच्या फळीवर ठेवावेत.